नाव नको, माप सांग

माझी मार्टिनी-हेन्री बंदूक काठमांडूहून आली. नेपाळच्या राजघराण्याचा जुना शस्त्रसाठा लगन सिलेखाना नावाच्या वाड्यात शंभरेक वर्षं पडून होता. २००३ साली तो अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, आणि तीन वर्षांनी त्यातली एक बंदूक माझ्या ओहायोतल्या तळघरात पोचली. वरचा काळा, चिकट थर रॉकेलने पुसत होतो. नळीच्या मागच्या भागावर काहीतरी खोदलेलं लागलं. भिंग लावून पाहिलं तर देवनागरी आकडे. परदेशात आलेल्या एका ब्रिटिश बंदुकीवर आपली लिपी! त्या रात्री मी तिला खाली ठेवूच शकलो नाही.

मी मूळचा खडकीचा. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. १८६९ सालचा हा कारखाना, म्हणजे माझ्या बंदुकीहूनही थोरला. मी स्वतः टूलरूमचा माणूस, आयुष्य मायक्रोमीटरबरोबर गेलं. तरीही जुन्या बंदुकीची काडतुसं भरायला लागल्यावर सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. जे चुकून शिकलो ते इथे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे वाचावं, करू नये.

१. नावावरून माप धरू नये.

या काडतुसाचं नाव ५७७/४५०. ऐकणाऱ्याला वाटतं गोळी ०.४५० इंचाची असणार. खरं तर ५७७ हा आकडा आधीच्या स्नायडर बंदुकीचा. तिचीच पुंगळी मानेपाशी आवळून मार्टिनीचं काडतूस झालं, आणि ४५० हे नळीचं ढोबळ नाव. मी अमेरिकेतल्या ४५-७० बंदुकीचा साचा आणला, ०.४५८ इंचाच्या गोळ्या ओतल्या आणि चांदमारीवर गेलो. पन्नास यार्डांवरच्या कागदाला गोल भोकं पडलीच नाहीत. किल्लीच्या भोकासारखी लांबट भोकं पडली. गोळी नळीत पकड न घेता सुटत होती आणि हवेत आडवी होऊन लागत होती.

त्या रविवारी फोनवर बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अरे, नाव काय घेऊन बसलास? नाव नको, माप सांग." माप माझ्याकडे नव्हतं, घेतलंच नव्हतं.

नावाचा हा घोळ शिकारी बंदुकांच्या इतिहासातही उतरला आहे. १९०७ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या बंदुका आणि काडतुसं आणायला बंदी घातली. बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनींना त्यांचा उपयोग होईल अशी भीती होती. मग विलायती कारखान्यांनी हत्ती-वाघाच्या शिकारीसाठी ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापं काढली.

२. नळी मोजावी, आणि सात खाचा आहेत हे विसरू नये.

मऊ शिशाचा गोळा नळीतून हळूहळू ठोकत बाहेर काढायचा, म्हणजे त्यावर नळीचा ठसा उमटतो. तो मोजायचा. पण अलेक्झांडर हेन्री या एडिंबरोच्या कारागिराने नळीत सात खाचा ठेवल्या. संख्या विषम असल्यामुळे एका खाचेसमोर दुसरी खाच येतच नाही. मायक्रोमीटरचा एक जबडा खाचेवर टेकतो, दुसरा उंचवट्यावर, आणि माप खोटं येतं. व्ही-ब्लॉकमध्ये ठसा ठेवून, फिरवून, हिशेब करून माझं माप आलं ०.४६७. पुंगळी जिथे बसते त्या कोठीसाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतो. तो उकळत्या पाण्याच्या खालच्या तापमानालाच वितळतो, आणि गार झाल्यावर आधी आकसून मग तासाभराने कोठीच्या खऱ्या मापावर येतो. मी पहिल्यांदा वीस मिनिटांतच मोजलं होतं, आणि त्या मापाने कापलेल्या पुंगळ्या टाकून द्याव्या लागल्या.

३. काही बंदुका भिंतीवरच शोभतात.

खैबरच्या डोंगरातल्या लोहारांनी मार्टिनीच्या हुबेहूब नकला केल्या, शिक्क्यांसकट. राणी व्हिक्टोरियाचं व्ही. आर. आणि खाली तिच्या मृत्यूनंतरचं साल, असा शिक्का मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. राणी १९०१ मध्ये गेली. त्या लोहारांच्या हाताला मी सलाम करतो, पण त्यांच्या पोलादाची मला खात्री नाही. नेपाळमध्ये जनरल गहेंद्र शमशेर यांनी बनवून घेतलेली बंदूकही माझ्या एका मित्राकडे आहे. अतिशय देखणी आहे. तीही आम्ही उडवत नाही. जी उडवायची ती आधी जाणत्या बंदूककारागिराकडे द्यावी, आणि तो नाही म्हणाला तर दुसरा शोधू नये.

४. पुंगळीला घाई चालत नाही.

मूळ काडतुसाची पुंगळी एकसंध नव्हती. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून ती करायचे. वूलिचच्या कर्नल एडवर्ड बॉक्सरची ही रचना. नळी तापली की हा पत्रा आत चिकटायचा आणि काढताना बूड तुटून हातात यायचं. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानात अबू क्लेआच्या लढाईत सैनिकांच्या बंदुका अशाच अडकल्या. पुढे ओढीव पितळेच्या पुंगळ्या आल्या.

आज मी २४ नंबरच्या शॉटगनच्या पितळी पुंगळ्या घेतो आणि त्या टप्प्याटप्प्याने आवळतो. पितळ आवळलं की कडक होतं, म्हणून मधे मधे मान तापवून मऊ करावी लागते. पहिल्या वीसांतल्या सहा मानेपाशी चिरल्या, कारण मी एक तापवणी वाचवली. तेल जास्त झालं तर पितळेवर खड्डे पडतात. बोटाला जेमतेम लागेल इतकंच पुरे. चिरलेली पुंगळी कानाशी धरून बोटाने वाजवली तर तिचा आवाज फुटक्या गडूसारखा येतो. हे मला बाबांनी फोनवरच शिकवलं.

५. दारू काळीच.

या बंदुका पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक अशा काळ्या दारूसाठी बांधल्या गेल्या. मूळ भरणी ८५ ग्रेनची, गोळी ४८० ग्रेनची. ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा, तेव्हा गोळी झाली ३१ ग्रॅमची. आजची धूररहित दारू तेवढ्याच मापाने भरली तर नळी फुटते. आमच्या चांदमारीवर एकाच्या बंदुकीचं मागचं अंग उघडलेलं मी पाहिलं आहे. त्याचा हात वाचला, दोन बोटं वाचली नाहीत. तेव्हापासून माझ्या बाकावर एका वेळी एकच डबा असतो, दुसरा घरातच नाही.

दुसरा नियम, काळ्या दारूच्या आणि गोळीच्या मधे हवा राहता कामा नये. भरणी कमी केली तर उरलेली जागा भरून काढावी लागते. माझ्या बंदुकीला पूर्ण भरणीपेक्षा थोडी कमी मानवते. किती, ते लिहीत नाही, कारण तो आकडा तिचा आहे, तुमच्या बंदुकीचा नाही.

६. शिशाजवळ पाणी नको, चहा नको.

जानेवारी महिना होता. गॅरेजमधून शिशाची एक वीट आणली आणि तशीच वितळत्या भांड्यात सोडली. विटेवर दव गोठलेलं होतं, मला दिसलं नाही. क्षणात फट्‌ असा आवाज झाला आणि अर्धं भांडं छताला लागलं. चष्मा, कातडी हातमोजे आणि जाड शर्ट होता म्हणून मनगटावरच्या एका डागावर निभावलं. छतावरचे शिंतोडे मी अजून खरवडलेले नाहीत. आता प्रत्येक वीट आधी भांड्याच्या काठावर ठेवतो, हाताला गरम लागेपर्यंत.

दुसरी चूक सावकाश कळली. बाकाशी बसून चहा प्यायची सवय होती. डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं आणि आकडा वर आला. ओतलेल्या गोळ्यांइतकाच दोष जुन्या पुंगळ्या कोरड्या घासताना उडणाऱ्या धुळीचा होता, कारण काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या मसाल्यातही शिसं असतं. आता पुंगळ्या ओल्याच धुतो. "अहो, तो शर्ट माझ्या मशीनमध्ये टाकू नका," हे बायकोने तेव्हा सांगितलं आणि ते बरोबर होतं. तळघराच्या शर्टांची बादली वेगळी आहे.

७. टोपी.

याबद्दल एवढंच, की ज्या टोप्या मी बसवतो त्या त्याच बॉक्सरच्या पद्धतीच्या. इंग्रजाची ही रचना अमेरिकेत रुजली, आणि अमेरिकन बर्डनची युरोपात. टोपी बुडाच्या पातळीच्या किंचित आत बसली पाहिजे. नखाने तपासावी, प्रत्येक.

८. त्याच संध्याकाळी धुवावं.

काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड रात्रीत खाऊ लागते. गरम पाणी, साबण, पुन्हा गरम पाणी, कोरडी चिंधी, मग तेल. सडक्या अंड्यासारखा वास घरभर होतो. पाहुणे असतील त्या दिवशी मी चांदमारीला जात नाही.

९. कागद.

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. मार्टिनीची गोळी उघडी नसते, कागदात गुंडाळलेली असते. कापसाच्या चिंध्यांचा पातळ कागद समांतरभुज चौकोनात कापायचा, ओला करायचा आणि गोळीवर बरोबर दोन फेरे द्यायचे. दोन टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. अळूवडीची गुंडाळी करणाऱ्याला हे चटकन जमेल. उरलेलं शेपूट बुडाशी पिळायचं. वाळताना कागद आवळतो आणि कातडीसारखा बसतो. नळीतून बाहेर पडताच तो फाटून उडतो. चांदमारीवर दहा-पंधरा पावलांवर त्याच्या चिंध्या सापडतात आणि मी त्या वेचतो. खाचांच्या कडांनी त्या सुरीने कापल्यासारख्या चिरलेल्या असतील तर सगळं ठीक चाललं आहे.

गोळीच्या मागे मधमाशीच्या मेणाची चकती असते, दारूची काजळी मऊ ठेवायला. मेणात चरबी किती आणि कोणती, हा प्रश्न आपल्या देशात १८५७ साली एन्फिल्डच्या काडतुसावरून पेटला. मी मेणात लोकरीतून निघणारं लॅनोलिन घालतो. मेण वितळवताना दर वेळी त्या शिपायांची आठवण येते. काडतुसाचं टोक दातांनी तोडायचा हुकूम होता त्यांना. त्या उठावानंतर हिंदी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागची बंदूक दिली गेली. गोऱ्यांच्या खांद्यावर मार्टिनी आली तेव्हा आपल्या शिपायांच्या हातात स्नायडर होती.

कागदाने माझा एक जुना हिशेबही मिटवला. कागद दोन थाऊ जाड, म्हणजे दोन हजारांश इंच. दोन फेरे दिले की व्यासात आठ थाऊंची भर पडते. पहिल्या वर्षी नावं ठेवून मी फडताळात टाकलेला ०.४५८चा साचा बाहेर काढला, गोळीवर कागद चढवला, माप आलं ०.४६६. उरलेला एक थाऊ मऊ शिसं दारूच्या धक्क्याने फुगून भरून काढतं. भोकं गोल पडू लागली. तरी एक खोड राहिली: पाचातली एक गोळी वर जायची, कारण कळत नव्हतं.

२०१४ मध्ये खडकीला गेलो. रिकामी पुंगळीसुद्धा सामानात नेणं म्हणजे विमानतळावर अडकणं, म्हणून लेथवर सागाची एक गोळी कातली आणि कागदाच्या चार पट्ट्या वहीत ठेवल्या. बाबा तेव्हा ८४ वर्षांचे. गॅलरीत खुर्चीवर बसून त्यांनी मला गुंडाळायला लावलं. मी गुंडाळलं, उन्हात वाळवलं, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंगठा आणि तर्जनीत धरून दोनदा फिरवलं, मग उठले, कपाटातून त्यांचा जुना मायक्रोमीटर काढला, मलमलीच्या फडक्यातला. टोकाशी मोजलं, मधे मोजलं, बुडाशी मोजलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "शेवटाला दोन थाऊ जास्त आहेस. वळताना डावा अंगठा आधी उचलतोस तू."

मी दुसरी पट्टी ओली केली. त्यांनी त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि फेरा पूर्ण होईपर्यंत दाबून धरला.