ट्रॅक्टरच्या शेडचें दार : घरच्या घरीं स्वयंचलित करण्याची रीत

मोबाइलवरून विहिरीचा पंप चालूं करण्याची सवय आतां पुष्कळ शेतकरी बंधूंस झालेली आहे. पुण्याचे श्री. संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ नांवाच्या अशाच यंत्रास २००९ सालीं नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत पारितोषिक मिळालें होतें. दूरच्या मोटरीची कळ दाबण्याचें जें तत्त्व त्यांत आहे, तेंच ट्रॅक्टरच्या शेडच्या शटरासही लावतां येतें. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. पंप चुकून चालूं झाला तर पाणी वायां जाईल. दार चुकून खालीं आलें तर खालीं सांपडलेल्या मुलाचा जीव जाईल. हा भेद मनांत ठेवूनच पुढील पाठ वाचावा.

प्रयोजन.— अहेरीकडे धानाच्या कापणींत ट्रॅक्टर घरीं परततो तो बहुधा रात्र पडल्यावर. अशा वेळीं खालीं उतरून अंधारांत शटराच्या बुडाशीं हात घालणें म्हणजे साप-विंचवास आमंत्रणच. वस्ती रानास लागून असेल तर अस्वलाचें भय निराळें. यास्तव बसल्या जागेवरून दार उघडणें ही नुसती चैन नव्हे.

साहित्य.— शटर हातानें उचलण्याचें असेल तर त्यास प्रथम मोटर बसवून घ्यावी. हें काम शटरच्या कारागिराचें आहे, आपलें नव्हे. मोटरीस हातसांखळी आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून ती घेऊं नये; पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे त्या सांखळीवांचून दार उघडणार नाहीं. याखेरीज ईएसपी ८२६६ या चिपचा वाय-फाय बोर्ड, दोन रिले, दोन रीड स्विच व त्यांचीं लोहचुंबकें, इन्फ्रारेड किरणाच्या सेन्सरची जोडी आणि पांच व्होल्टचा पुरवठा, इतकें लागतें. ही चिप शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीनें २०१४ सालीं बाजारांत आणली. बोर्ड व रिले यांचा खर्च कांहीं शेंकड्यांत भागतो.

कृति.— मोटरीच्या पेटींत ‘वर’, ‘थांबा’ व ‘खालीं’ या कळांचीं टोकें असतात. ‘वर’च्या कळीस समांतर एक रिले व ‘खालीं’च्या कळीस दुसरा जोडावा. रिलेनें अर्धा सेकंद कळ दाबल्यासारखें करून सोडून द्यावें; बाकीचें काम पेटी करते. कांहीं पेट्यांत या टोकांवरही २३० व्होल्ट असतात. म्हणून रिले २५० व्होल्टचाच घ्यावा, एमसीबी पाडल्याशिवाय झांकण उघडूं नये, आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडून करवावी.

रिले बोर्डाच्या डी-१ व डी-२ या पायांसच जोडावे. वीज येतांच या बोर्डाचे कांहीं पाय क्षणभर आपोआप जागे होतात, व त्यांवर रिले असल्यास कोणीं न सांगतां दार हलूं लागतें. शटराच्या तळपट्टीस चुंबक लावून एक रीड स्विच खालीं व एक वर बसवावा. नाहींतर अर्धवट उघडें दार मोबाइलवर ‘बंद’ म्हणून दिसेल. कार्यक्रम ‘ईएसपीहोम’ या मोफत साधनानें लिहितां येतो. तो घरच्या वाय-फायवर चालतो. इंटरनेटची गरज नाहीं.

सावधगिरी.— अमेरिकेंत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज-दाराच्या यंत्रांस, खालीं कोणी सांपडूं नये अशी दुसरी योजना कायद्यानेंच आवश्यक केली. तेथें किरणाचे सेन्सर जमिनीपासून ६ इंचांहून उंच लावीत नाहींत, म्हणजे रांगतें मूलही किरण तोडतें. आपणही तसेंच लावावे. त्यांची तार बोर्डांतून न नेतां मोटरीच्या पेटींतील सुरक्षेच्या टोकांस सरळ जोडावी. बोर्ड बिघडला तरी दार थांबेल. पेटींत तशीं टोकें नसतील तर ‘खालीं’चा रिले लावूंच नये; दार बंद करणें तें कळीपाशीं उभें राहून, डोळ्यांनीं पाहून.

प्रस्तुत लेखकानें आरंभीं एक चूक केली. उघडल्यावर दहा मिनिटांनीं दार आपोआप मिटावें अशी योजना किरण न लावतांच केली. एके संध्याकाळीं उंबऱ्यावर राहिलेल्या धानाच्या पोत्यावर शटर उतरलें व पोतें फाटलें. नुकसान थोडें होतें. परंतु आदल्या दिवशीं त्याच जागीं नातू खेळत होता. ती योजना त्याच रात्रीं काढून टाकली.

चोरीचाही विचार करावा. ठराविक एकच संकेत पाठविणाऱ्या जुन्या रिमोटची नक्कल सहज होते. दर वेळीं संकेत बदलणारा, म्हणजे ‘रोलिंग कोड’चा, रिमोट घ्यावा. वाय-फायचा परवलीचा शब्द गड्यांस वा पाहुण्यांस सांगूं नये.

परीक्षा.— प्रथम मोटरीचा पुरवठा तोडून नुसत्या रिलेचा आवाज ऐकावा. मग दाराखालीं पुठ्ठ्याचें खोकें ठेवून दार उतरवावें. खोक्यास स्पर्श होण्यापूर्वीं तें थांबलें पाहिजे. शेवटीं वीज पाडून पुन्हां चालूं करावी. दार जागचें हलतां कामा नये. ही परीक्षा दर महिन्याच्या पहिल्या तारखेस करून वहींत नोंद करावी. ज्या महिन्यांत नोंद नाहीं, त्या महिन्यांत दार हातसांखळीनेंच चालवावें.