खळग्यातलं शीत

दाढ काढल्यावर पहिल्या आठवड्यात खळग्यात शीत अडकणार, हे धरूनच चाला. आपल्या भोर-वेल्ह्याच्या घरांत ते टळत नाही, कारण दोन्ही वेळेला भात, आणि त्यातही इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं हे वाण आपल्या खाचरांत असं रुजलं की दुखण्यातल्या माणसाला गुरगुट्या भात द्यायचा तो इंद्रायणीचाच. तो मऊ आणि चिकट. खळग्यात बसला की जिभेला सारखा लागतो, आणि जिभेला लागलं की हात तोंडात जातो. मला सांगायचंय ते त्या हाताबद्दल.

माझी खालची शेवटची दाढ नसरापुरात काढली, ऐन आवणीच्या दिवसांत. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं. पण माझ्या तोंडात बोळा होता, अर्धं तोंड बधिर होतं. ऐकलं ते मालकांनी, आणि ते पहाटेच खाचरात गेले. घरात ज्या बाया माझं करत होत्या, त्यांच्या कानावर त्यातलं काहीच गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शीत अडकलं. जोरजोरात चुळा भरल्या, थुंकून पाहिलं, निघेना. जाऊबाई म्हणाल्या, "आतल्या आत कुजलं तर पू होईल गं. आ कर बघू." खराट्याची काडी गरम पाण्यानं धुऊन त्यांनी हलक्या हातानं शीत काढलं. त्याच्याबरोबर काळपट लाल असं काहीतरी आलं. घाण निघाली, असं आम्हाला दोघींनाही वाटलं.

ती रक्ताची गाठ होती. दाढ निघाली की खळगा रक्तानं भरतो आणि ते रक्त गोठून बसतं. खालचं हाड आणि नसांची टोकं या गाठीखाली झाकलेली राहतात, आणि तिच्याच आधारानं पुढे नवं मांस धरतं. आवणी केलेलं रोप मुळं धरलीत का हे बघायला कुणी उपटत नाही. या गाठीलाही तेवढीच उसंत द्यावी लागते. एक-दोन दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळसर थर येतो. पुष्कळ जण त्याला अडकलेलं अन्न किंवा पू समजून खरवडतात. तो थर भरून येण्याचाच भाग आहे, त्याला हात लावू नका.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठणका सुरू झाला. सूज नाही, ताप नाही. पण दुखणं कानशिलापर्यंत चढलेलं आणि तोंडाला घाण चव. गोळी घेतली की तासभर बरं, पुन्हा तेच. रात्री कुणी लवंगाचं तेल आणलं, कुणी म्हणालं गोळी कुटून खळग्यातच भर. मी काही लावू दिलं नाही. नुसतं लवंगाचं तेल उघड्या मांसाला भाजतं, आणि अॅस्पिरिनसारखी गोळी हिरडीवर ठेवली तर तिथं जखम होते. सकाळच्या एसटीनं निघाले आणि कात्रज ओलांडून धनकवडीच्या भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात गेले. तिथं सलाइननं खळगा धुतला, आत औषधाची पट्टी भरली. परतीच्या गाडीत बसले तेव्हा ठणका ओसरला होता.

याला ड्राय सॉकेट म्हणतात. क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्यानं १८९६ साली त्याचं वर्णन केलं, तरी आजही प्रत्येक वेळी नेमकं कारण दाखवता येत नाही. साधी दाढ काढल्यावर शंभरात दोन ते पाच जणांना होतो, खालच्या अक्कलदाढेनंतर बराच जास्त. तंबाखूनं धोका वाढतो, गर्भनिरोधक गोळ्यांनीही वाढतो. काडी न घालताही होऊ शकतो, म्हणून मी जाऊबाईंना बोल लावत नाही. पण काडी, पिन, सुई, आगपेटीची काडी यांतलं काहीही खळग्यात घालू नये, एवढं मी आता भेटेल त्या बाईला सांगते. अडकलेलं शीत तसंच राहिलं तरी चालतं. गाठ गेली की मात्र हाड उघडं पडतं.

मग शीत काढायचं कसं? पहिले चोवीस तास काढायचंच नाही. बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, नंतर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. मशेरी तर अजिबात नाही. आपल्याकडच्या बायकांना हे सगळ्यात जड जातं, कारण मशेरीशिवाय सकाळ होत नाही. पण मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि वर बोटानं चोळणं आणि थुंकणंही आलंच. निदान आठवडाभर डबी दुसऱ्याच्या हवाली करा. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं, घोट तोंडात घेऊन मान हळूच त्या बाजूला कलती करायची, आणि पाणी न थुंकता आपसूक गळू द्यायचं. जेवणानंतर दर वेळी असं केलं की भात बहुतेक निघून जातो. नाही निघाला तर पुढच्या वेळी निघेल. बोथट, वाकड्या टोकाची पिचकारी मिळते, पण ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच, काही दिवस गेल्यावर वापरायची. वरची मागची दाढ काढली असेल आणि चूळ भरताना पाणी नाकातून आलं, तर चुळा थांबवून डॉक्टरांना कळवा.

भातापेक्षा मला धास्ती वाटते ती तीळ, शेंगदाण्याचं कूट, सुकट आणि नाचणीच्या भाकरीच्या कोरड्या कडांची. हे बारीक कण पाण्यानं सहज सुटत नाहीत. त्यापेक्षा नाचणीची पेज किंवा आंबील घ्या, गार करून, दुसऱ्या बाजूनं. वरणभातही पातळसर कालवून चालतो.

आणखी एक, ते आपल्यासारख्या लांबच्या गावांसाठी. ठणका लागलाच तर बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवसात लागतो. गुरुवार-शुक्रवारी दाढ काढली तर तो शनिवार-रविवारी गाठतो, तेव्हा दवाखाना बंद आणि एसटी कमी. केळद किंवा हिर्डोशीकडच्या माणसाला पावसात ते किती अवघड जातं, हे त्यालाच ठाऊक. दाढ तातडीची नसेल तर सोमवारी काढा. आवणीच्या दिवसांत तर शक्यतो काढूच नका. वाकून काम केलं की पहिल्या दिवसांत रक्त पुन्हा येऊ शकतं. आणि डॉक्टरांच्या सूचना ऐकायला घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला सोबत न्या. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या किंवा हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर दाढ काढण्याआधीच सांगा.

ठणक्यासाठी एसटीची वाट पाहता येते. पण हनुवटीखाली किंवा गळ्याला सूज चढत असेल, ताप असेल, तोंड उघडेना, घोट गिळवेना किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर १०८ला फोन करा. रात्र असली तरी. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ ओलं फडकं घडी करून अर्धा तास दाबून धरा, तरीही थांबलं नाही तर निघा.

हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. तोवर अधूनमधून शीत अडकत राहील. जेवण झालं की चूळ भरायची.