आधी ओळख, मग दप्तर
संगणकीय सेवांमधील लॉगिनची आवश्यकता

कोल्हापूरनजीकच्या पन्हाळगडावर पश्चिम बाजूने प्रवेश करणाऱ्यास तीन दरवाजा ओलांडावा लागतो. एका दरवाजातून आत आल्यावर चौक लागतो व पुढे पुन्हा दरवाजा असतो. गडात प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाच्या हाती अंबारखान्याच्या धान्यकोठारांची किल्ली मात्र दिली जात नसे. आत येणारा कोण आहे, आणि आत आल्यावर त्याने कुठवर जावे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. आज शासनाचे दप्तर संगणकावर आले असताना हेच दोन प्रश्न नव्या स्वरूपात उभे राहिले आहेत.

सातबाऱ्याचे उदाहरण

कोल्हापूर जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतील शेतकऱ्याच्या परिचयाचा कागद म्हणजे सातबारा. महाभूलेख या संकेतस्थळावर माहितीपुरता सातबारा खाते न उघडता पाहता येतो. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. तो मिळविण्यासाठी मात्र लॉगिन करावे लागते व प्रत्येक उताऱ्यास १५ रुपये शुल्क भरावे लागते. फेरफाराची नोंद घेण्याचे काम तर केवळ अधिकृत कर्मचाऱ्यांनाच करता येते.

अशा रीतीने एकाच अभिलेखाला तीन पायऱ्या आहेत. पाहणे सर्वांसाठी खुले, स्वाक्षरीची प्रत ओळख दिल्यावर, आणि बदल करणे केवळ अधिकार असलेल्यांकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. त्यामुळे भलत्याच हाताने झालेली एक नोंद एखाद्या कुटुंबाला वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे हेलपाटे घालावयास लावू शकते.

लॉगिन कसे चालते?

पासवर्डची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी एकच संगणक अनेकजण वापरू लागले, तेव्हा प्रत्येकाचे काम वेगळे ठेवण्यासाठी तेथे पासवर्डचा अवलंब झाला.

आजच्या पोर्टलवर एखादे पान मागितले की ती मागणी दूरच्या मुख्य संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते. सर्व्हर प्रत्येक मागणी नवी समजतो. मघाशी कोण आले होते, हे त्यास आपोआप स्मरत नाही. म्हणून नाव व पासवर्ड जुळल्यावर तो वापरणाऱ्याच्या संगणकास एक गुप्त खूण देतो. पुढील प्रत्येक पानाच्या मागणीसोबत ती खूण जाते. खूण नसेल तर सर्व्हर पान न दाखविता लॉगिनच्या पानाकडे पाठवितो व ओळख पटल्यावर मागितलेले पान उघडतो. मुदत संपली किंवा ‘लॉगआउट’ केले, की ती खूण निरुपयोगी ठरते.

येथे दोन चुका वारंवार घडतात. पहिली चूक म्हणजे केवळ मुख्य पानावर पासवर्ड विचारून आतील पाने तशीच उघडी ठेवणे. आतील पानाचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही मग थेट तेथे पोहोचतो. पानाकडे नेणारे बटण लपविले म्हणजे पान बंद झाले, असे होत नाही. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. लॉगिन केलेल्या अर्जदाराने पत्त्यातील अर्ज क्रमांक १०१ च्या जागी १०२ लिहिला आणि दुसऱ्याचा अर्ज उघडला, तर ओळख तपासली गेली, पण अधिकार तपासला गेला नाही, असे म्हणावे लागेल. यावर उपाय म्हणजे सर्व पाने आधी बंद समजावीत, जी लोकांसाठी आहेत ती विचारपूर्वक उघडावीत, आणि प्रत्येक मागणीच्या वेळी तपासणी सर्व्हरवरच व्हावी.

सर्वच पाने बंद करावीत काय?

तसे करणे योग्य नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी बरीच माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. योजनांचे नियम, अर्जाचे नमुने, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प यांसाठी नागरिकाकडे पासवर्ड मागणे म्हणजे चावडीवरची नोटीस कुलुपात ठेवण्यासारखे आहे. याउलट बँक खाते क्रमांक, आजाराची कागदपत्रे, विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती उघड्यावर राहता कामा नये. कोणते पान कोणासाठी, हा निर्णय संगणकतज्ज्ञाचा एकट्याचा नसून कार्यालयप्रमुखाचाही आहे.

गावपातळीवरील जबाबदारी

फेरफाराच्या कामात तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद घेतात. हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एकाने लिहावे व दुसऱ्याने तपासावे, हा या रचनेचा गाभा होय. दोघांची लॉगिने एकाच मदतनिसाच्या हाती गेली, तर कागदावर दोन सह्या दिसतात, परंतु तपासणी एकाचीही झालेली नसते. पुढे चौकशी झाल्यास दप्तरात नाव मात्र लॉगिनच्या मालकाचेच निघते.

म्हणून पासवर्ड टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवू नये, बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद करवून घ्यावे, सामायिक संगणकावर काम संपताच लॉगआउट करावे. अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गावातील वृद्ध व अल्पशिक्षित नागरिक मोबाईलवर आलेला ओटीपी विश्वासाने दुसऱ्यास सांगतात. तो आकडा म्हणजे आपल्या सहीइतकाच मोलाचा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत समजावून द्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे वाडवडिलांनी शिकविले होतेच. तोच धडा आता पडद्यावरही गिरवावयाचा आहे.