शेतावर कॅमेरा घेताय? आधी एवढं बघा

विहिरीवरची केबल, मोटार रात्रीत चोरीला जाते, म्हणून बरेच जण कॅमेरा बसवतायत. पैसे घालण्याआधी:

१) बसवायच्या जागेवर उभं राहून व्हिडिओ कॉल लावा. कॉल अडकला तर कॅमेराही अडकणार. दुसऱ्या कंपनीचं सिम लावून बघा.
२) मळ्यात वायफाय नाही? ४जी सिमचा, सोलर-बॅटरीवाला घ्या. लाईट गेली तरी चालतो.
३) खोक्यावर 'आयपी ६६' हवं, धूळ-पावसात टिकतो.
४) एका कॅमेऱ्यात सगळं रान दिसत नाही. वाट आणि मोटार दिसेल असा, हात पोचणार नाही इतक्या उंचावर लावा.
५) पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला.

रात्री अलर्ट आला तर एकट्याने शेतात जाऊ नका. शेजाऱ्यांना उठवा, ११२ लावा.