दुपारची हजेरी

अगं, आधी डोळे पूस. वर्गवाटपाची यादी लागली तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. मागितली होतीस दहावी, हाती आली नववी ‘ब’. वाईट वाटणारच. दहावीच्या बाईंना निकालाचा मान, पाचवीच्या बाईंना पोरांची माया, आणि नववीच्या बाईंना मागच्या बाकावरची दांडगाई. आपल्या स्टाफरूममध्ये नववी म्हणजे कुणालाच नको असलेली शिळी भाकरी, नवीन माणसाच्या पानात वाढून मोकळं व्हायचं. मलाही नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशीच वाढली होती. आता मी ती मागून घेते. का, ते सांगते. चहा घे आधी.

तू शहरातल्या शाळेत शिकलीस, पहिली ते दहावी एकाच इमारतीत. त्यामुळे या जूनमध्ये तुझ्या वर्गातल्या पोरांचं काय काय बंद झालंय, ते तुझ्या ध्यानात यायचं नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, पहिली ते आठवीचा. तोवर पोर शाळेत दिसलं नाही तर विचारायला सरकारचं माणूस तरी बांधील असतं. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. फुकटची पुस्तकं आठवीपर्यंत. आईबाप ऊसतोडीला गेले की गावातच राहायची सोय करणारं हंगामी वसतिगृह, तेही आठवीपर्यंतच्याच पोरांसाठी. आठवीला आता वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, पण इतकी वर्षं पोरांनी नापास हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो नववीतच. बालकामगार कायद्याचंही तेच. २०१६ च्या दुरुस्तीनंतरसुद्धा चौदा पूर्ण झालेल्या पोराला तो फक्त धोक्याच्या कामापासून अडवतो. हॉटेलात कपबशा धुवायला पोर मोकळं.

आणि हे सगळं एका उन्हाळी सुट्टीत. पोर तेच, आईबाप तेच, घरातली तंगी तीच. फक्त चौदा वर्षं भरली. त्यात निम्म्या पोरांची जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपलेली, म्हणून गाव सोडून एसटीनं आपल्याकडे येतात. नवे सर, नवी बाकं, गणिताची दोन-दोन पुस्तकं. आपण पहिल्या दिवशी काय सांगतो? ‘आता तुम्ही मोठे झालात.’

माझी एक चूक सांगते, कुणाला सांगितलेली नाही फारशी.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. तेव्हा मी दुसऱ्या गावच्या शाळेत होते. माझ्या वर्गात एक पोरगा होता, लांबच्या वस्तीवरून यायचा. सकाळच्या हजेरीला रोज हजर, दुपारच्या हजेरीला रोज गैरहजर. मधल्या सुट्टीत जायचा तो जायचाच. मी त्याला पळपुटा ठरवला. वर्गासमोर उभं करून विचारलं, दोनदा हातावर छडीही दिली. तो काही बोलला नाही. ऑगस्टभर हे चाललं. मग एक दिवस खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या, हात पदराला पुसत. म्हणाल्या, ‘बाई, ते पोरगं टाकीमागं बसतंय. मी दिली तर घेत नाय. म्हणतंय, आता नववीत हाय मी.’

मी गेले. पाण्याच्या टाकीमागे, सावलीत, दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. टाकीच्या अलीकडे व्हरांड्यात पाचवी ते आठवीची पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसलेली, त्यात त्याचा धाकटा भाऊही. फोडणीचा वास थेट टाकीपर्यंत येत होता. आई पहाटेच कामावर जायची, डबा कोण देणार? मागच्या जूनपर्यंत डब्याची गरजच नव्हती त्याला. बसून बसून भूक सहन होईना की तो घरची वाट धरायचा. पाच किलोमीटर.

तू म्हणशील, मग तुम्ही डबा दिलात का? दिला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो शाळेतच आला नाही. एकट्याला पंक्तीतून उठवून वाढलेलं अन्न चौदा वर्षांच्या पोराच्या घशाखाली उतरत नाही, हे मला बाई असून कळलं नव्हतं. मग अंगतपंगत सुरू केली. सगळ्या वर्गाचे डबे मधे, वर्तमानपत्रावर. कुणाची भाकरी, कुणाचा ठेचा, कुणाच्या डब्यातली शेपूची भाजी जिच्याकडे कुणी बघत नाही. कुणी काय आणलं आणि कुणी काहीच आणलं नाही, हे त्या ढिगात कळेनासं झालं. मीही तिथेच जेवायला बसायचे. पोरगा परत आला तो त्याच्या आईला मी जाऊन भेटल्यावर, आणि त्या महिन्याभरात त्याचं बीजगणित इतकं मागे पडलं होतं की वर्षअखेर तो जेमतेम पस्तिशीला टेकला. पण टेकला.

म्हणून म्हणते, दुपारची हजेरी तू स्वतः घे. मॉनिटरकडे देऊ नकोस, सकाळचीच पुढे ओढू नकोस. कोण सकाळी असतं आणि दुपारी नसतं, कोण सोमवारी नसतं, कोण बाजाराच्या दिवशी नसतं, हे मस्टरमध्ये बोट ठेवून बघ. गुणांच्या तक्त्याआधी मस्टर बोलतं. हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत हायस्कूल नववीलाच सुरू होतं, आणि शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या सरकारी शाळांचा हिशोब मांडून २००५ साली दाखवलं, की नववीचं वर्ष ज्यांनी नीट पार पाडलं, म्हणजे पुढच्या वर्गात जाण्याइतके विषय पुरे केले आणि मुख्य विषयांत एकापेक्षा जास्त सत्रांत नापास झाले नाहीत, त्यांनी चार वर्षांत शाळा पूर्ण करण्याची शक्यता बाकीच्यांच्या साडेतीन पट. दोन वर्षांनी त्यांनी आणखी बारकाईनं बघितलं. पोर नववीत तरेल की नाही, हे आठवीच्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा नववीतली हजेरी जास्त चांगलं सांगते. तिथली शाळा वेगळी, पोरं वेगळी, पण हे वाचलं तेव्हा मला ती टाकी आठवली.

पोर सलग तीन दिवस आलं नाही की चौथ्या दिवशी घरी जा. फोन करू नकोस, फोनवर सगळे आजारीच असतात. घरी गेलं की खरं दिसतं: दारात बांधलेली शेळी सांभाळायला कुणी नाही, बहीण बाळंतपणाला आलीय, आजोबा अंथरुणाला खिळलेत. जाताना रागावायला जाऊ नकोस, चहाला नाही म्हणू नकोस, आणि ‘शिक्षणाचं महत्त्व’ वगैरे तर अजिबात नको. त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. फक्त एवढंच म्हण, ‘उद्या येतोस ना? तुझी जागा ठेवलीय.’

आता गणित. पहिला धडा संच, त्यात कुणी बुडत नाही, उलट पोरं खुशीत असतात. बुडतात ती वास्तव संख्या आणि बहुपदीत. कारण बहुपदी अवघड आहे म्हणून नव्हे, तर वजा पाच आणि वजा तीनची बेरीज कधी पक्की झालेलीच नाही म्हणून. जुलैत पंधरा दिवस पाचवी-सहावीचं गणित घे, पण ‘पाचवीचं’ असं तोंडातून काढू नकोस. ‘उजळणी’ म्हण. आणि पहिल्या घटक चाचणीचे पेपर वाटताना गुण मोठ्यानं वाचू नकोस. वीसपैकी तीन मिळालेलं पोर ते तीन घेऊन घरी जातं आणि तिथंच राहतं.

मुलींचं वेगळं. त्यांची शाळा एसटीच्या वेळापत्रकावर चालते. अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत त्यांच्यासाठी निळी बसही असते, पण साडेपाचची गाडी गेली की पुढची कधी? उत्साहाच्या भरात तू सहापर्यंत जादा तास ठेवशील आणि दिवाळीपर्यंत चार मुली घरी बसलेल्या असतील. बाप म्हणेल, अंधार होतो. त्याचं चुकत नाही. जादा तास सकाळी घे, नाहीतर मधल्या सुट्टीत, आणि गाडीची वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव. एखादी मुलगी एकाएकी गप्प झाली, मैत्रिणी तिच्याकडे बघून हसायला लागल्या, हातावर मेंदी दिसली, तर वाट बघू नकोस. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, ज्याला आपण ग्रामसेवक म्हणायचो तोच, आणि १०९८ हा नंबर तुझ्या फोनमध्ये असू दे. मी एकदा उशीर केला होता. त्याबद्दल आज नको.

दसरा ही आपली खरी परीक्षा, तेव्हा ऊसतोडीची माणसं गाव सोडतात. जूनमध्येच विचारून ठेव, कुणाचे आईबाप कोयत्यावर जातात, मुकादमाकडून उचल घेतलीय का. घेतली असेल तर ते जाणारच, त्यांच्याशी वाद नको. प्रश्न पोर कुठे राहणार हा आहे. आजी आहे का, मामा आहे का? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं निघाली आहेत, जवळ कुठे आहे आणि जागा आहे का, हे ऑगस्टमध्येच विचार. ट्रॅक्टर दारात लागल्यावर विचारून उपयोग नाही.

पैशाचं एक लक्षात ठेव, आपल्या शाळेत हे दरवर्षी बुडतं. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेत लागलेल्या पोरांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, पुढं दरवर्षी नूतनीकरण, बँक खातं आधारला जोडलेलं हवं. आठवी दुसऱ्या शाळेत झालेल्या पोराचं नाव कुणाच्याच कागदावर नसतं. तुझ्या वर्गात कोण आहे ते विचार. महिन्याला हजार रुपये, त्या पोराला गॅरेजवर न पाठवायला पुरतात कधीकधी.

आणि आता हळू बोलते. फेब्रुवारी आला की तुला कुणीतरी सुचवेल, ‘बाई, हे चार-पाच आत्ताच गाळा, दहावीचा निकाल खाली येईल. त्यांना बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरू द्या.’ सतरा नंबर वाईट नाही. शाळा सुटलेल्यांना, संसाराला लागलेल्या बायांना त्यानं दहावीचं दार उघडलंय. पण वर्गात बसलेल्या पोराला त्या दारातून बाहेर काढायचं, ते माझ्या पचनी पडत नाही. शंभर टक्क्यांचा बॅनर लागतो गेटवर, फोटोसकट. जे गाळले त्यांचा फोटो कुठंच नसतो. पालक दाखला मागायला आले तरी लगेच क्लार्ककडे पाठवू नकोस. अडवता येणार नाही, पण बसव, पाणी दे, विचार. अर्ध्या वेळा कारण साधं निघतं: पुस्तकं घेतली नाहीत, सर बोलले, चप्पल तुटली. पुस्तकांसाठी तर आत्ताच दहावी ‘ब’मध्ये जा, ती पोरं मागच्या वर्षीची नववीची पुस्तकं रद्दीत घालायच्या बेतात असतील. बारा-पंधरा संच सहज जमतील.

तुझ्या वर्गात किती आहेत, अठ्ठावन्न ना? शनिवारी अर्धी शाळा आहे, मस्टर घेऊन घरी ये. एकेक नाव बघू, कोण कुठल्या वस्तीवरचं, कोण कुठल्या गाडीनं येतं. आणि येताना डबा जरा मोठाच आण.