स्टेंटची तारीख

अगं, आधी एक गोष्ट मनात पक्की धर: भाऊजींना कॅन्सर नाही. बायोप्सी त्यासाठीच केली होती आणि त्यात तसं काही निघालं नाही. आता डोळे पूस आणि नीट ऐक.

त्यांना झालंय ते असं: पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याला लागून जी मोठी रक्तवाहिनी जाते तिच्याभोवती सूज येते आणि चिवट, व्रणासारखा थर वाढत जातो. किडनीतून खाली येणाऱ्या लघवीच्या दोन्ही नळ्या तिथूनच जातात. भाजीच्या जुडीला दोरा आवळावा तशा त्या आवळल्या जातात, लघवी वरच तुंबते आणि किडन्या फुगतात. रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस असं लांबलचक नाव आहे. आजार दुर्मीळ, चाळिशी-साठीतल्या पुरुषांना जास्त होणारा. बहुतेकांत कारण सापडतच नाही, म्हणून 'माझंच काही चुकलं का' हे मनातून काढून टाक.

आपल्याकडे कंबर धरली की लोक मूतखडाच म्हणतात. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी भाऊजींना बरं वाटायचं, तीच तर फसगत. त्या गोळ्यांनी दुखणं दबतं, पण तुंबलेल्या किडनीवर आणखी भार पडतो. यापुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची एकही गोळी घरात नको. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या आणि खडा कुठेच नाही, म्हणून सीटी स्कॅन केला आणि निदान झालं.

लघवीच्या नळीत डीजे स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, टाकला, लघवीला वाट मिळाली, रक्तातलं क्रिएटिनिन उतरलं. किडनी वाचली गं, पण आजार अजून तिथेच आहे. त्याच्यावरचं औषध म्हणजे स्टेरॉइड. आधी टीबी नाही ना, साखर किती आहे हे बघितलं, ते उगाच नव्हतं. ही गोळी सकाळी, खाऊन घ्यायची. केळापूरच्या जगदंबेला नवस बोललीस, चांगलं केलंस. नवरात्रात जोडीने जा, ओटी भर. उपास मात्र तू धर, त्यांना धरू देऊ नकोस. गोळी उपाशीपोटी नको आणि एकदम बंद तर नाहीच. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, मग अचानक गोळी तोडली की बीपी पडतं, चक्कर येते. डोस महिनोन्‌महिने हळूहळू उतरवतात. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरी औषधं आहेत, नाहीतर ऑपरेशन करून नळ्या त्या थरातून मोकळ्या करतात.

मला खरी काळजी स्टेंटची आहे. साधारण तीन ते सहा महिन्यांनी तो बदलावा लागतो. भाऊजींची तारीख नेमकी वेचणीत येतेय. मजूर मिळणार नाहीत, कापूस झाडावर लोंबेल, आणि 'दुखत तर नाही' म्हणून ते तारीख पुढे ढकलतील. ढकलू देऊ नकोस. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात, तो आतच मोडतो, आणि दुर्बिणीने सहज निघणाऱ्या वस्तूसाठी मोठं ऑपरेशन करावं लागतं. डिस्चार्ज कार्डावरची तारीख आजच कालनिर्णयवर लाल शाईने लिही.

क्रिएटिनिन आणि साखर पांढरकवड्याला तपासता येईल. स्टेंटसाठी मात्र यवतमाळ, सावंगी, सेवाग्राम, नागपूर, जिथे फाइल आहे तिथेच जा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचार, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेव. जुने सगळे रिपोर्ट जप, नव्याशी ताडून बघतात. बरं वाटल्यावरही हा आजार उलटू शकतो, म्हणून काही वर्षं तपासण्या चालूच राहतील. आणि बिडी सोडायलाच हवी, या आजाराशी तिचं नातं आहे.

स्टेंट असताना थोडी जळजळ होणार, शेतात राबल्यावर लघवी जरा गुलाबी दिसणार, त्याला घाबरू नकोस. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र असो की पाऊस, उजाडायची वाट बघू नकोस. गाडी कर आणि मला वाटेतून फोन कर.