फोड आणणारे भुंगेरे : औषध कीं विष ?

खरिपांत मूग, उडीद, तूर, भेंडी यांच्या फुलोऱ्यावर काळ्या अंगाचे व पंखांवर नारिंगी-तांबडे आडवे पट्टे असलेले भुंगेरे आमच्या वाचकांच्या नित्य पाहण्यांत आहेत. ते फुलें खाऊन टाकितात, त्यामुळें शेंगा कमी धरतात. हेच भुंगेरे वाळविले म्हणजे हिंदींत ‘तेलनी मक्खी’ व युनानी वैद्यकांत ‘जरारीह’ या नांवानें ओळखले जातात. त्यांच्या चूर्णानें पुरुषत्व वाढतें अशी समजूत अनेक देशांत जुनी आहे. ती कितपत खरी, हें पाहूं.

भुंगेरा दाबला असतां त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव सुटतो. तो कातडीस लागल्यास कांहीं तासांनीं पाण्यानें भरलेला फोड येतो. हा गुण कॅन्थरिडिन नामक द्रव्याचा होय. रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८१० सालीं तें यूरोपांतील ‘स्पॅनिश माशी’ या हिरव्या भुंगेऱ्यापासून वेगळें काढिलें.

पोटांत गेलेलें हें द्रव्य लघवीवाटे बाहेर पडतांना मूत्रमार्गाचा दाह करितें. त्या दाहानें इंद्रियास येणारा ताठा हाच लोकांनीं कामोत्तेजन मानिला. वस्तुतः तें विषबाधेचें लक्षण होय. पुढें रक्ताची लघवी होते, मूत्रपिंडें निकामी होतात व प्रसंगीं मृत्यु येतो. १० ते ६० मिलिग्रॅम इतकें अल्प द्रव्यही माणसाचा प्राण घेऊं शकतें. प्रत्येक भुंगेऱ्यांत त्याचें प्रमाण निरनिराळें असल्यामुळें चूर्णाची निर्धोक मात्रा ठरवितां येत नाहीं. १७७२ सालीं मार्सेय शहरीं मार्की द साद यानें असें चूर्ण घातलेली मिठाई वेश्यांस चारिली व त्या आजारी पडल्या, तो खटला प्रसिद्धच आहे.

बाह्य उपयोग मात्र खरा आहे. २०२३ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें शेंकडा ०.७ प्रमाणाच्या कॅन्थरिडिन-द्रावणास ‘मोलस्कम’ या त्वचारोगाच्या पुटकुळ्यांवर लावण्यापुरती मान्यता दिली; तेंही वैद्यकीय जाणकाराच्याच हातून.

वाळल्यानें हें विष नाहींसें होत नाहीं. अमेरिकेंत लसूणघासाच्या सुक्या चाऱ्यांत असे भुंगेरे राहिल्यानें घोडे दगावले आहेत. यास्तव फुलावर आलेला चारा कापण्यापूर्वीं नीट पाहावा. पिकावरील भुंगेरे हातजाळीनें धरून साबणाच्या पाण्यांत बुडवावे. उघड्या हातानें चिरडूं नयेत. यांतील पुष्कळ जातींच्या अळ्या जमिनींतील नाकतोड्यांचीं अंडीं खातात, म्हणून थोडे भुंगेरे दिसतांच घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांचें चूर्ण पोटांत घेण्याचा मोह शेतकरी बंधूंनीं सर्वथा टाळावा.